ताईच्या वाट्याचं

मामा-मामीने मला वाढवलं हे आमच्या पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नकार्यात मी दिसले की बायका मामीला म्हणतात, "भाचीचं सोनं केलंस गं." मामी पदर सावरते, मी तिच्या पाया पडते. ताई तिथेच पंगतीत भाताचं पातेलं घेऊन फिरत असते. तिला कुणी काही म्हणत नाही. ताई म्हणजे माझी मामेबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मामा-मामीचे उपकार बोलून दाखवायची आपल्यात रीत आहे, त्यांच्यासाठी नमस्कार आहे, मानाची साडी आहे, टोपी-टॉवेल आहे. मामेबहिणीचं देणं कसं मानायचं याची रीत मला कुठे सापडली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

बाबा मुंबईत लालबागला गावकीच्या खोलीत राहून एका गोदामात हमाली करायचे. टीबी त्यांनी अंगावर काढला. ते गेल्यावर आई आम्हाला घेऊन गावी राहिली आणि २०१० च्या पावसाळ्यात काविळीने तीही गेली. मी सहावीत होते, धाकटा भाऊ पहिलीत. आईचं तेरावं झालं, जेवणं उरकली आणि पुरुषमाणसं ओटीवर बसली. आजी-आजोबा दोन्हीकडचे आधीच गेलेले. चुलते मुंबईला, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं. त्यांना मी आजही दोष देत नाही. कुणीतरी म्हणालं की पोरांना एखाद्या बालगृहात ठेवावं, तिथे जेवण आणि शाळा दोन्ही मिळतं. मामा मान खाली घालून बसला होता. तेवढ्यात मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "पोरं माझ्यासंगं येतायत. पिशवी भरली हाय." पिशवी ताईने भरली होती. तेरा वर्षांची पोर, कुणी सांगितलं नसताना आमचे कपडे, माझं दप्तर, भावाची पाटी आणि आईची एक साडी तिने नायलॉनच्या पिशवीत कोंबली होती.

मामाची वाडी पोलादपूरपासून आत, सावित्रीच्या खोऱ्यात. एसटी फाट्यावर सोडते, तिथून चढण. मामाची थोडी भातशेती, दोन वरकस तुकडे नाचणी-वरीचे, आणि उरलेलं वर्षभर महाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे रोजंदारी. घरचं भात एरवी शिमग्यापर्यंत पुरायचं. आम्ही आलो त्या वर्षी ते त्याच्या खूप आधी संपलं आणि मामीने पेवाच्या तळाशी सूप आपटल्याचा आवाज मला अजून आठवतो. रेशन वाढवून मिळण्यासाठी कार्डावर आमची नावं चढवायला हवी होती, ती चढवायला आधीच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला हवा, आणि बाबांच्या वेळचं कार्ड मुंबईचं. या एका दाखल्यासाठी मामाचे किती खाडे झाले ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही. रोजंदारीच्या माणसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला.

बालसंगोपन योजनेचं नाव आमच्या घरात आणलं अंगणवाडीच्या बाईंनी. आईबाप नसलेलं किंवा एकच पालक असलेलं मूल संस्थेत न जाता नातेवाइकांच्या घरी वाढावं, म्हणून महाराष्ट्र सरकार त्या घराला दरमहा काही रक्कम देतं, अशी ती योजना. तेव्हा ती रक्कम मुलामागे महिना ४२५ रुपये होती. देखरेख करणाऱ्या संस्थेला मुलामागे ७५. आम्ही दोघं, म्हणजे महिन्याला ८५० रुपये. बाई फॉर्म घेऊन आल्या आणि ओटीवर बसून त्यांनी कागद मोजून दाखवले: आई-बाबांचे मृत्यूचे दाखले, आमचे जन्माचे दाखले, शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्डाची प्रत, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, मूल आणि पालक यांच्या नावाचं बँकेतलं जोडखातं.

वाडीत चर्चा झालीच. "आपल्याच भाच्यांना जेवू घालायचे पैसे सरकारकडून घ्यायचे?" असं एका म्हाताऱ्या माणसाने मामाला पाणवठ्याच्या वाटेवर थांबवून विचारलं. मामा गप्प बसणारा. संध्याकाळी त्याने कागद परत करायची गोष्ट काढली. मामी म्हणाली, "मुंबयवरनं मनीऑर्डर यायची तवा कुणी विचारलं नाय, लेकाकडनं पैसे कशाला घेता म्हणून. ह्या पोरांचा बाप असता तर त्याने पाठवले असते. आता सरकार पाठवतंय." महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात पोरं आजीकडे, मामाकडे, चुलत्याकडे ठेवून आईबापाने मुंबई गाठणं हे तीन-चार पिढ्यांचं आहे. पोर एका घरी आणि कमाई दुसरीकडे, आणि मधे पोस्टमन. हे मामीला जितकं स्वच्छ दिसत होतं, तितकं मी नंतर वाचलेल्या कुठल्याच शासन निर्णयात मला सापडलं नाही.

अर्जाला एक फोटो लागायचा, घरासमोर उभं असलेलं मूल आणि त्याला सांभाळणारे. फोटोवाला पोलादपूरहून आला. ताईने सकाळीच माझी वेणी घातली. माझ्याकडे रिबिनी नव्हत्या, म्हणून तिने स्वतःच्या लाल रिबिनी सोडून माझ्या वेण्यांना बांधल्या. भावाच्या शर्टाचं एक बटण तुटलं होतं, ते टाचलं. मग मामा, मामी, मी आणि भाऊ असे अंगणात उभे राहिलो. ताई आणि तिचा भाऊही सवयीने येऊन उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, "तुम्ही दोघं बाजूला व्हा, फक्त लाभार्थी पाहिजेत." ताई बाजूला झाली. धाकट्याला तिने हाताला धरून ओढलं, कारण त्याला कळेना की आपण का नको. त्या फोटोची एक प्रत मामीच्या पत्र्याच्या पेटीत आहे. माझ्या कानामागे लाल रिबिनीची गाठ स्पष्ट दिसते.

गृहचौकशीला संस्थेच्या ताई आल्या त्या ऐन श्रावणात, चिखलातून चपला हातात घेऊन. त्यांनी घर पाहिलं, आम्ही कुठे झोपतो ते पाहिलं, वह्या पाहिल्या. एक घोंगडी आणि एक गोधडी यांत आम्ही चौघं झोपायचो. कडेला ताई, कारण भिंतीच्या अंगाने ओल यायची. पहिला हप्ता जमा झाल्यानंतर वर्षभराने त्या पुन्हा आल्या आणि मामीला विचारलं, पैशाचं काय केलं? मामी म्हणाली, "अंडी विकायची बंद केली."

त्यांना कळलं नाही. मामीने समजावलं. आमच्याकडे पाच-सहा कोंबड्या होत्या आणि त्यांची अंडी हायवेच्या एका हॉटेलवाल्याला जायची. मीठ-मिरची, काडेपेटी, रॉकेल त्यावर निघायचं. ८५० रुपये यायला लागल्यावर वरचा खर्च त्यातून निघू लागला आणि अंडी घरात राहिली. संस्थेच्या ताईंनी वहीत लिहिता लिहिता विचारलं, "अंडी चौघांनाही देता?" मला आठवतं, मी दारामागे उभी होते आणि मला भीती वाटली, की आता हे पैसे बंद होणार. ते आमच्या दोघांच्या नावाचे होते. मामीने कसलीही भीड ठेवली नाही. "एका ताटलीत चार हात जातात बाई. दोघांना अंडं देऊ नि दोघांना कुळथाची पिठी? मग उद्या माझीच पोरं ह्यांचा दुस्वास करतील. ते पैशात बसणार हाय काय तुमच्या?" त्या बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी अहवालात लिहिलं, की मुलांना स्वतःच्या मुलांप्रमाणे वागवतात, आहार समाधानकारक. तो अहवाल पुढे मी पाहिला. सरकारी कागदावरचं इतकं खरं वाक्य मी क्वचित वाचलं आहे.

त्याआधी बालकल्याण समितीपुढे हजर राहणं झालं होतं. मूल "काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं" आहे असं समितीने ठरवून आदेश दिला, की मगच पैसे सुरू होतात. पहाटेची एसटी, भाकरी-चटणीचं गाठोडं, मामाचा अजून एक खाडा. समितीतल्या एका बाईंनी मला जवळ घेऊन विचारलं, "तुला कुणाकडे राहायचंय?" मी म्हटलं, "ताईकडे." त्या हसल्या आणि पालक म्हणून मामाचं नाव लिहिलं. कायद्याने ते बरोबरच होतं.

पैसे दरमहा येत नसत. कधी सहा महिन्यांचे एकदम, कधी वर्षाचे. मधल्या काळात वाण्याच्या दुकानात उधारी चढायची आणि हप्ता आला की उतरायची. तरीही मी ठामपणे सांगते, त्या ८५० रुपयांनी आम्हाला त्या घरात ताठ मानेने जेवता आलं. परक्या घरचं पोर जेवताना दुसऱ्यांदा भात मागत नाही. माझा भाऊ सुरुवातीला मागत नसे. पासबुकात त्याचं नाव छापून आलं, ते ताईने त्याला बोट ठेवून वाचून दाखवलं, आणि म्हणाली, "बघ, तू कमावता झालास." त्यानंतर तो भात मागायला लागला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

ताई २०१५ साली बारावी झाली, चांगल्या मार्कांनी. तिला महाडला आंबेडकर कॉलेजात बीएला जायचं होतं. मी त्या वर्षी दहावी झाले होते आणि अकरावीला जाणार होते. भाऊ सहावीत, तिचा भाऊ आठवीत. दोन मुलींचा रोजचा एसटीचा प्रवास, फी, पुस्तकं हे मामाच्या आवाक्याबाहेरचं होतं. हे घरात कुणी बोललं नाही, सगळ्यांना दिसत होतं. आणि एक गोष्ट अशी होती, की ती कळायला मला बरीच वर्षं लागली. माझ्या शाळेचा बोनाफाईड दरवर्षी योजनेच्या कागदांना जोडावा लागायचा. मी शिकत राहिले तर माझे पैसे चालू राहणार. ताई शिकत राहिली तर काहीच येणार नव्हतं, जाणार मात्र होतं. ज्या योजनेने मला शाळेत धरून ठेवलं, तिच्या हिशेबात त्याच घरातली दुसरी मुलगी नव्हतीच. फोटोतूनही तिला बाजूला उभं केलं होतं.

मामा म्हणत होता, बघू, काहीतरी करू. ताईनेच निर्णय घेतला. कोंबड्यांना दाणे टाकता टाकता मामीला म्हणाली, "हिला शिकू दे. माझ्या मागं तुम्ही आहात. हिच्या मागं कागद हायत फक्त." गणपती झाल्यावर ती पनवेलला गावच्या एका बाईच्या ओळखीने पॅकिंगच्या कामाला लागली. कॉट बेसिसवर राहायची. दर महिन्याला घरी पैसे पाठवायची, आणि त्यातले थोडे वेगळे, माझ्या नावाने. २०१७ साली मला अठरा पूर्ण झाली आणि योजनेचे पैसे बंद झाले, कारण नियमाने ते अठरापर्यंतच. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची फी ताईच्या पगारातून गेली. तिच्याच मनातल्या कॉलेजात मी तिच्या पैशांवर शिकले.

तिने हे त्याग वगैरे म्हणून केलं नाही. तिला तो शब्द आवडत नाही. मीही तो तिच्यावर लादणार नाही. पण तिचं जे गेलं ते गेलं, आणि ते माझ्यासाठी गेलं.

मी आता महाडमध्ये एका महा ई-सेवा केंद्रात काम करते. उत्पन्नाचे दाखले, रहिवासी, जातीचे दाखले, रेशनची कामं. बालसंगोपनाचे कागद जमवायला लोक येतात तेव्हा मी खुर्ची पुढे सरकवून बसते. महाड-पोलादपूर या दोन तालुक्यांनी मुलं नातेवाइकांच्या ओटीवर आणून सोडण्याचे प्रसंग फार पाहिले आहेत. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एसट्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन इमारत पडली. २२ जुलै २०२१ ला तळियेवर डोंगर आला, त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर. त्याच वर्षी करोनाची दुसरी लाट. दर वेळी सरकार मृतांच्या वारसांना एकरकमी मदत देतं. तळियेच्या वेळी राज्याने पाच लाख आणि केंद्राने दोन लाख जाहीर केले. करोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावावर राज्याने पाच लाखांची मुदत ठेव ठेवली. ती रक्कम हवीच, मोठेपणी तीच उपयोगी पडते. पण ठेवीतून सकाळचा डबा भरत नाही. डबा भरते ती मावशी, मामी, आत्या. तिला दर महिन्याला लागतं.

या बाबतीत गेल्या काही वर्षांत खरोखर सुधारणा झाली आहे. ४२५ चे २०२१ साली ११०० झाले, आणि २०२३ पासून २२५०. योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. माझा भाऊ अठराचा होण्याआधी त्याच्या वाट्याला वाढीव दराचे थोडे महिने आले, तेवढ्यात त्याच्या आयटीआयची हत्यारं झाली. केंद्राच्या मिशन वात्सल्यखाली प्रायोजकत्वाचे महिना ४००० आहेत. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात रक्ताच्या कुटुंबाबाहेरच्या घरी मूल सोपवणं म्हणजे प्रतिपालकत्व, आणि आजी-मामाकडे राहणाऱ्या अनाथ मुलासाठी प्रायोजकत्व, अशी विभागणी आहे. कलम ४५ मध्ये विस्तारित कुटुंबात राहणाऱ्या अनाथ मुलाचा उल्लेख सरळ केलेला आहे. मला त्याचं समाधान वाटतं.

अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. प्रायोजकत्वासाठी ग्रामीण भागात घराचं वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत लागतं. म्हणजे महिना सहा हजार. एमआयडीसीत ठेकेदाराकडे नियमित राबणारा माणूस त्याच्या वर जातो. त्या माणसाच्या घरी दोन मुलं होती ती आता पाच झाली, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही. सहा हजारांत तिघं जेवतात की आठ जण, हा प्रश्न विचारल्याशिवाय उत्पन्न मोजायचं कसं? मागच्या पावसाळ्यात एक आत्या आली होती, भावाची तीन मुलं पदरात घेतलेली. सोबत तिची स्वतःची मुलगी, अकरावीतली, कागदांची फाईल छातीशी धरून उभी. सगळे कागद तिनेच लावले होते, क्रमाने, पिना मारून. मी त्या मुलीला विचारलं, "तू शिकतेयस ना?" ती आईकडे बघायला लागली.

नात्यातल्या घराला पैसे द्यायचे का, हा वाद अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका मोठ्या बहिणीच्या घरावरून झाला. सरकारने तिच्या धाकट्या भावंडांना तिच्याकडे सोपवलं, पण परक्या घराला जो दर मिळतो तो तिला नाकारला, कारण ती नात्यातली. १९७९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नातं आहे म्हणून कमी देता येणार नाही. हे वाचलं तेव्हा मी ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्या लांबच्या कोर्टाला कळलं, तर इथल्या तहसीलला पण कळंल कधीतरी."

तोपर्यंत मी माझ्यापुरतं एक करते. अर्जात घरातल्या इतर मुलांसाठी रकाना नसला, तरी सोबत साध्या कागदावर त्यांची नावं, वय आणि इयत्ता लिहून जोडायला लावते, आणि गृहचौकशीला बाई आल्या की तो कागद त्यांच्या हातात द्या म्हणून सांगते. अहवालात तेवढं आलं तरी समितीपुढे घर पूर्ण दिसतं. मामीने दारात उभं राहून जे तोंडी सांगितलं होतं, ते मी लेखी करून घेते.

आणि ताई. तिचं २०१९ ला लग्न झालं, सासर महाडजवळच, एक मुलगी आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिचा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बीएचा प्रवेश अर्ज भरला. फी मी भरणार म्हटल्यावर तिने आधी नकार दिला. "कर्ज फेडतेस काय माझं?" मी म्हटलं, हो. फिटणार नाही हे मला माहीत आहे, पण व्याज तरी जाऊ दे. ती रागावली, दोन दिवस फोन उचलला नाही, तिसऱ्या दिवशी फोटो आणि सही पाठवून दिली.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. राज्यशास्त्र जड जातं म्हणते. रविवारी पुस्तकं घेऊन माझ्याकडे येते, मामीही मामासोबत उतरते, आणि ताई अभ्यासाला बसली की मामी नातीला घेऊन चवदार तळ्यापर्यंत फिरवून आणते.